डॅम्पिंग नावाचा आकडा: मॅग्नेटायझेशन कसं फिरतं, कसं थांबतं आणि ते मोजायचं कसं

होकायंत्राजवळ चुंबक नेला की सुई त्याच्याकडे वळते, थोडी पुढे जाते, मागे येते, डुगडुगते आणि थांबते. शाळेत हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि या विषयात नव्यानं येणाऱ्याची पहिली अडचण नेमकी तीच असते. सुई हलते ती अख्खा लोखंडी तुकडा म्हणून. त्या तुकड्याच्या आतलं मॅग्नेटायझेशन, म्हणजे आतल्या असंख्य इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाची बेरीज दाखवणारा बाण, तसं वागत नाही. त्याला चुंबकीय क्षेत्र लावलं तर ते क्षेत्राकडे जात नाही, क्षेत्राभोवती फिरायला लागतं. क्षेत्राकडे ते वळतं खरं, पण उशिरा आणि चक्कर मारत मारत. किती उशिरा, हे ठरवणारा आकडा म्हणजे डॅम्पिंग. समीकरणात त्याला अल्फा म्हणतात.

बीएस्सीपर्यंतचं फिजिक्स झालंय, व्हेक्टरचा क्रॉस गुणाकार आठवतोय आणि लॅपटॉपवर एक्सेल आहे, एवढ्या शिदोरीवर पहिल्या चार पायऱ्या होतात. पुढच्या दोन पायऱ्यांना लॅब लागेल.

पायरी 1: सुई विसरा, भोवरा आठवा

जाळी गुंडाळून भोवरा सोडला की तो आरीवर उभा राहतो. कलला तरी पडत नाही, डुलत गोल फिरतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतंय, पण तो जातो बाजूला, कारण त्याच्यात फिरकीचा कोनीय संवेग आहे. या डुलण्याला प्रिसेशन म्हणतात, मराठी पुस्तकांत परांचन. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व त्याच्या स्पिनशी जखडलेलं असतं, म्हणून क्षेत्रानं ओढलं की तोही बाजूलाच जातो.

भोवऱ्याची उपमा मात्र इथपर्यंतच चालते. भोवऱ्याची फिरकी जमिनीशी घासून कमी होते, इलेक्ट्रॉनची होत नाही. म्हणून ठरावीक तापमानाला मॅग्नेटायझेशनची लांबी बदलत नाही, फक्त दिशा बदलते. पर्मलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूत (80 टक्के निकेल, 20 टक्के लोखंड) ती लांबी मीटरला सुमारे 800 किलोअँपिअर असते. बाणाचं टोक कायम एका गोलाच्या पृष्ठभागावरच सरकतंय असं चित्र डोळ्यांपुढे ठेवा. (फेमटोसेकंद लेसरनं ही लांबीसुद्धा पिकोसेकंदाच्या आत घटवता येते. 1996 मध्ये निकेलवर ते दाखवलं गेलं आणि त्यातून एक वेगळीच शाखा निघाली. ती आत्ता बाजूला ठेवू.)

एक आकडा पाठ करा: टेस्लामागे 28 गिगाहर्ट्झ. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे 40 मायक्रोटेस्ला आहे. एवढ्याशा क्षेत्रातही सुटा इलेक्ट्रॉन सेकंदाला अकरा लाखांच्या आसपास फेऱ्या मारतो. प्रयोगशाळेतल्या 0.1 टेस्लात तो 2.8 गिगाहर्ट्झवर जातो, म्हणजे एका फेरीला साधारण 357 पिकोसेकंद.

पायरी 2: दोनच टॉर्क

सगळा विषय एका समीकरणात बसतो. ते शब्दांत असं: मॅग्नेटायझेशनची दिशा बदलण्याचा वेग म्हणजे दोन गोष्टींची बेरीज. पहिली, वजा गॅमा गुणिले (दिशा क्रॉस क्षेत्र); गॅमा म्हणजे वरचाच 28 गिगाहर्ट्झचा आकडा, फक्त 2 पायनं गुणलेला. दुसरी, अल्फा गुणिले (दिशा क्रॉस दिशा बदलण्याचा वेग). यातलं क्षेत्र म्हणजे नुसतं बाहेरून लावलेलं नव्हे. सॅम्पलच्या आकारामुळे येणारं, स्फटिकरचनेमुळे येणारं आणि शेजारच्या स्पिनमुळे येणारं, अशी सगळी क्षेत्रं मिळून.

पहिला टॉर्क म्हणजे घाण्याचा बैल. दिवसभर फिरतो, पण मधल्या खांबापासूनचं अंतर तेच. कोन बदलत नाही म्हणून ऊर्जाही बदलत नाही. दुसरा टॉर्क म्हणजे खुंट्याला बांधलेलं वासरू. गोल फिरताना दावं खुंट्याला गुंडाळत जातं, प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान होते आणि शेवटी वासरू खुंट्याला येऊन टेकतं. ऊर्जा खर्च होते ती फक्त या दुसऱ्या टॉर्कमधून.

लँडाउ आणि लिफशिट्झ यांनी 1935 मध्ये हे समीकरण थोड्या वेगळ्या रूपात मांडलं होतं. डॅम्पिंग लहान असेल तर दोन्ही रूपं सारखीच. पण डॅम्पिंग मोठं केलं की जुन्या रूपात मॅग्नेटायझेशन उलट जास्त वेगानं पळू लागतं. मधात बुडवलेली वस्तू पाण्यातल्यापेक्षा भरभर खाली जावी तसं! शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनमध्ये काम करणाऱ्या थॉमस गिल्बर्ट यांनी 1955 मध्ये डॅम्पिंगला क्षेत्राऐवजी वेगाशी बांधलं, जसं घर्षण असतं तसं, आणि हा विक्षिप्तपणा गेला. आज आपण वापरतो तो अल्फा त्यांचाच. त्यांचा सविस्तर लेख मात्र छापून आला थेट 2004 मध्ये.

ऊर्जा जाते कुठे? अखेर धातूतल्या अणूंच्या जाळीच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत. धातूमध्ये वाट बहुतेक वेळा स्पिन आणि कक्षा यांच्यातल्या जोडणीतून जाते: फिरणारं मॅग्नेटायझेशन इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या हलवतं, इलेक्ट्रॉन नव्या जागी बसताना थोडे मागे पडतात, आणि त्या मागे पडण्यात ऊर्जा गळते. चटका वगैरे बसत नाही. 0.1 टेस्लात पर्मलॉयचं मॅग्नेटायझेशन पूर्ण उलट्या दिशेतून सरळ झालं तर घनमीटरला 160 किलोज्यूल बाहेर पडतात. त्यानं धातू तापतो जेमतेम 0.04 केल्विन.

पायरी 3: एक्सेलमध्ये स्वतः फिरवून पाहा

ही पायरी गाळू नका. लेख वाचून जे महिनाभरात कळत नाही ते इथे एका दुपारी कळतं.

तीन रकाने करा: वेळ, क्षेत्राशी असलेला कोन, आणि फेरीचा कोन. कोन रेडियनमध्ये. क्षेत्र 0.1 टेस्ला, अल्फा 0.01, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक पिकोसेकंद. फेरीच्या कोनात दर ओळीला 0.0176 मिळवा, म्हणजे साधारण एक अंश. क्षेत्राशी असलेल्या कोनातून दर ओळीला 0.000176 गुणिले त्याच कोनाचा साइन वजा करा. बस्स. सुरुवात 30 अंशांपासून करा आणि 5,680 ओळी खाली ओढा.

उत्तर तपासायला हे घ्या. 5.7 नॅनोसेकंदांनी कोन सुमारे 11.3 अंश यायला हवा. तेवढ्या वेळात जवळजवळ सोळा फेऱ्या झालेल्या असतील. हे सोळा म्हणजे 1 भागिले (2 पाय अल्फा). अल्फा 0.01 म्हणजे ‘सोळा फेऱ्यांत शमणारं’ असं वाचायची सवय लावून घ्या. 0.1 असेल तर दीड फेरी. 0.0001 असेल तर सोळाशे.

आता सुरुवात 170 अंशांपासून करा, म्हणजे जवळजवळ उलट दिशेतून. तेवढ्याच 5.7 नॅनोसेकंदांत कोन 153 पर्यंतच येतो. पुढे तो सुटतो, मध्ये पळतो, शेवटी परत रेंगाळतो. आणि बरोबर 180 घातलेत तर? काहीच होत नाही. टॉर्क शून्य. प्रत्यक्षात उष्णतेच्या धक्क्यांनी दिशा कायम थरथरत असते, म्हणून असं अडकून बसणं होत नाही. तरीही चुंबकी मेमरीत बिट उलटवताना हा सुरुवातीचा रेंगाळा अभियंत्यांना चांगलाच छळतो.

हाच हिशोब कोनांऐवजी तीन घटकांत केलात तर एक खड्डा लागतो, आणि त्यात मी पडलेलो आहे. मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम साध्या ऑयलर पद्धतीचा होता: आत्ताचा वेग गुणिले वेळ, आणि पुढे. अल्फा 0.005 घातला आणि चुंबक थांबेचना. उलट कोन हळूहळू वाढतच गेला. तीन दिवस मी चिन्हांच्या चुका शोधत होतो. चूक चिन्हाची नव्हती. वर्तुळावरून चालताना आपण दर पायरीला स्पर्शिकेवरून सरळ पाऊल टाकतो, म्हणून दर पावलाला किंचित बाहेर पडतो. हे बाहेर पडणं उणे डॅम्पिंगसारखं वागतं, आणि त्याचं माप असतं एका पायरीत फिरलेल्या कोनाच्या निम्मं. इथे 0.0176 चं निम्मं, म्हणजे 0.0088. खरा अल्फा 0.01 असता तर उरला असता 0.0012. मी घातला होता 0.005, म्हणून हिशोब शून्याच्या पलीकडे गेला. दर पायरीला बाणाची लांबी पुन्हा एक करून घेतली तरी ही खोट जात नाही, तेही मी करून पाहिलं होतं. उपाय दोन: पायरी खूप लहान करा, किंवा रुंगे-कुट्टासारखी पद्धत वापरा. दुसरा बरा.

पुढे खऱ्या आकाराचे तुकडे, त्यातले भोवरे (मॅग्नेटायझेशनची गोल वळणं) आणि डोमेन भिंती (वेगवेगळ्या दिशांच्या भागांमधल्या सीमा) पाहायच्या असतील तर ऊमफ आणि मुमॅक्स ही दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पहिलं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतलं, दुसरं बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातलं. मुमॅक्सला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड लागतं. सुरुवात ‘स्टँडर्ड प्रॉब्लेम 4’ पासून करा: 500 गुणिले 125 गुणिले 3 नॅनोमीटरचा पर्मलॉयचा तुकडा, अल्फा 0.02. उत्तर जगभरातल्या गटांनी काढून ठेवलेलं आहे, त्यामुळे आपलं चुकलं तर लगेच दिसतं.

पायरी 4: पातळ फिल्ममध्ये सगळं वेगानं घडतं

मोजायला मिळते ती बहुधा पातळ फिल्म. तिथे मॅग्नेटायझेशन पृष्ठभागाच्या बाहेर डोकावू लागलं की फिल्मच्या दोन्ही बाजूंना चुंबकी ध्रुव तयार होतात आणि ते त्याला परत आत ढकलतात. पर्मलॉयमध्ये हे ढकलणारं क्षेत्र जवळजवळ 1 टेस्ला भरतं. परिणाम किटेलच्या सूत्रात येतो: फ्रिक्वेन्सी म्हणजे 28 गुणिले वर्गमूळ (क्षेत्र गुणिले (क्षेत्र अधिक 1)). क्षेत्र 0.1 टेस्ला घातलं तर 9.3 गिगाहर्ट्झ येतात. सुट्या इलेक्ट्रॉनच्या तिपटीहून जास्त. बाणाचं टोक आता गोल फिरत नाही, चपट्या लंबवर्तुळात फिरतं. पृष्ठभागाच्या पातळीत 3.3 पट रुंद.

शमणंही वेगानं होतं, कारण शमण्याचा वेग दोन क्षेत्रांच्या सरासरीवर ठरतो. इथे 0.1 आणि 1.1 यांची सरासरी 0.6 टेस्ला. अल्फा 0.008 धरला तर कंपन सुमारे 1.2 नॅनोसेकंदांत एक तृतीयांशाच्या जरा वर येतं. हा सरासरीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत त्याचं काम पडेल.

पायरी 5: मोजणं

पद्धतीचं नाव फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स. 1946 मध्ये ग्रिफिथ्स यांना तो पहिल्यांदा स्पष्ट दिसला, आणि किटेलचं सूत्र त्याचाच उलगडा करायला आलं. आजची साधी मांडणी अशी: तांब्याच्या को-प्लेनर वेव्हगाइडवर (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या सपाट पट्टीवर) फिल्म उपडी ठेवायची, ते सगळं इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन ध्रुवांमध्ये धरायचं, एका टोकातून मायक्रोवेव्ह सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला किती पोचले ते पाहायचं. फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवून क्षेत्र हळूहळू बदललं की एका जागी शोषण वाढतं आणि दरी दिसते. दरीची जागा किटेलचं सूत्र सांगतं. दरीची रुंदी डॅम्पिंग सांगते.

ठेवताना धातूची फिल्म थेट तांब्यावर टेकू देऊ नका, लाइन शॉर्ट होते. मध्ये पॉलिइमाइडची पातळ टेप लावा. क्षेत्र कायम एकाच बाजूनं, मोठ्याकडून लहानाकडे न्या. इलेक्ट्रोमॅग्नेटच्या लोखंडाला स्वतःची आठवण असते, त्यामुळे करंटवरून क्षेत्र ठरवू नका, सॅम्पलशेजारी हॉल प्रोब ठेवून वाचा. लॉक-इन (क्षेत्र किंचित मागेपुढे हलवून त्याच लयीतला सिग्नल वेचणारं यंत्र) वापरत असाल तर मॉड्युलेशन, म्हणजे ते हलवणं, रेषेच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी ठेवा, नाहीतर रेषा तुमच्या मॉड्युलेशननंच फुगते. मायक्रोवेव्हची पॉवर निम्मी करून रुंदी तीच राहते का, हे एकदा तरी पाहा.

आता हिशोब. दरीच्या निम्म्या उंचीवरची पूर्ण रुंदी घेतली तर: रुंदी (टेस्लात) म्हणजे सुरुवातीची रुंदी अधिक (2 गुणिले अल्फा गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले 28). सरावासाठी मी बनवलेले आकडे देतो. 5, 10, 15 आणि 20 गिगाहर्ट्झला रुंदी अनुक्रमे 3.36, 6.21, 9.07 आणि 11.93 मिलिटेस्ला. आलेख काढा. सरळ रेषा येते, चढ गिगाहर्ट्झमागे 0.571 मिलिटेस्ला. चढ टेस्लात घेऊन (0.000571) गुणिले 14 म्हणजे अल्फा: 0.008. रेषा उभ्या अक्षाला 0.5 मिलिटेस्लावर कापते. ती सुरुवातीची रुंदी.

ती कशाची? फिल्म सगळीकडे सारखी नसते. एका कोपऱ्यात जाडी किंचित वेगळी, दुसरीकडे ताण वेगळा. प्रत्येक भाग जरा वेगळ्या क्षेत्रात रेझोनन्सला येतो आणि सगळ्यांची बेरीज रुंद दिसते. यात ऊर्जा गळतच नाही. चाळीस मुलांच्या वर्गानं एका सुरात म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येकाची लय किंचित वेगळी असली तर आवाज पसरतो, पण कोणी दमलेला नसतो, तसं.

म्हणूनच एकाच फ्रिक्वेन्सीवर अल्फा काढू नये. वरच्याच आकड्यांत फक्त 5 गिगाहर्ट्झची रुंदी घेतली तर अल्फा 0.0094 येतो, 10 ला 0.0087, 20 ला 0.0084. फिल्म तीच, पदार्थ तोच. एका फ्रिक्वेन्सीवर काढलेला अल्फा कोणी दाखवला तर मी तो नम्रपणे वहीच्या मागच्या पानावर लिहितो.

हिशोबात तीन चुका सगळे करतात. पूर्ण रुंदी की अर्धी, यात गफलत झाली की अल्फा दुप्पट किंवा निम्मा. लॉक-इनमधून मिळतो तो दरीचा डेरिव्हेटिव्ह, त्यातलं शिखर ते शिखर अंतर पूर्ण रुंदीपेक्षा वर्गमूळ 3 नं कमी असतं. ते गुणायला विसरलं की अल्फा 0.008 चा 0.0046 होतो आणि माणूस उगाच खूश होतो. तिसरी चूक जास्त लबाड. क्षेत्र स्थिर ठेवून फ्रिक्वेन्सी बदलली तर रुंदी गिगाहर्ट्झमध्ये मिळते, आणि हात आपोआप तिला दुप्पट फ्रिक्वेन्सीनं भागतो. आपल्या 0.1 टेस्लाच्या फिल्ममध्ये ती रुंदी 0.27 गिगाहर्ट्झ असते, आणि भागाकार 0.0145 येतो. खरा 0.008. कारण तेच, वर सांगितलेली सरासरी: भागायला हवं होतं 2 गुणिले 28 गुणिले 0.6 नं.

आलेल्या आकड्याची कुळी ओळखायला हे जवळ ठेवा. पर्मलॉयच्या फिल्मला साधारण 0.006 ते 0.01. शुद्ध लोखंड 0.002 च्या आसपास. यिट्रियम आयर्न गार्नेट हे ऑक्साइड, त्यात वाहते इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून 0.0001 किंवा त्याहून कमी. धातूत इतकं खाली जाता येत नाही असंच बहुतेकांना वाटे, पण 2016 मध्ये सुमारे 25 टक्के कोबाल्ट असलेल्या कोबाल्ट-लोखंडात 0.0005 च्या आसपासचा अल्फा दाखवला गेला. पर्मलॉयला तुमचा अल्फा 0.002 आला तर पेपर लिहायला बसू नका, वर्गमूळ 3 शोधा.

पायरी 6: गळती कोणाची?

चढ काढला म्हणजे पदार्थाचा अल्फा मिळाला असं नाही. चढातही परके हिस्से असतात.

जाड धातूत फिरतं मॅग्नेटायझेशन भोवरे-प्रवाह (एडी करंट) तयार करतं, हा हिस्सा जाडीच्या वर्गानं वाढतो. 20 नॅनोमीटरला त्याची फिकीर नको, 100 च्या पुढे करा. वेव्हगाइड स्वतःही सॅम्पलमधून ऊर्जा शोषतो. टेपचे दोन थर लावून अंतर वाढवा, अल्फा उतरला तर तेच कारण. फिल्म खडबडीत असेल तर एकसाथ फिरणारं मॅग्नेटायझेशन फुटून लहान लाटांमध्ये वाटलं जातं. याला दोन-मॅग्नॉन स्कॅटरिंग म्हणतात आणि आलेख सरळ न राहता वाकतो. क्षेत्र फिल्मला लंब लावलं की ती वाट बंद होते, म्हणून शंका आली तर दोन्ही दिशांनी मोजा.

सगळ्यांत रंजक हिस्सा स्पिन पंपिंगचा. फिल्मवर प्लॅटिनमचा थर दिला की फिरणारं मॅग्नेटायझेशन त्यात स्पिन ढकलतं, प्लॅटिनम ते गिळून टाकतं, आणि चुंबकाला वाटतं आपलं डॅम्पिंग वाढलं. गळती पृष्ठभागावरून होते म्हणून फिल्म जितकी पातळ तितका परिणाम मोठा, जाडीच्या उलट प्रमाणात. 2001 मध्ये मिझुकामी, आंदो आणि मियाझाकी यांनी पर्मलॉयभोवती वेगवेगळे धातू देऊन हे मोजलं, आणि पुढच्याच वर्षी त्सेर्कोव्हन्याक, ब्राटास आणि बाउअर यांनी त्याचा सिद्धांत मांडला.

तुमच्याकडे स्पटरिंगची (धातूचे पातळ थर चढवण्याची) सोय असेल तर पहिला स्वतःचा प्रयोग म्हणून हाच करा. 5 नॅनोमीटर पर्मलॉयच्या तीन फिल्म: एकीवर नुसतं तांबं, दुसरीवर प्लॅटिनम, तिसरीवर आधी तांबं आणि त्यावर प्लॅटिनम. तांबं स्पिन गिळत नाही, नुसतं पुढे जाऊ देतं. पहिलीचा चढ जवळपास नुसत्या पर्मलॉयचा येईल, दुसरीचा ठळकपणे जास्त. तिसऱ्या फिल्ममध्ये प्लॅटिनम चुंबकाला शिवतही नाही, तरी चढ पहिलीच्या वर राहील.